सडा

"घर कुठाय? झाड कुठाय? सूर्य?" काकांचं चित्र पाहून मी विचारलं होतं. शाळेच्या वहीत आम्ही दोन डोंगर काढायचो, मधून उगवता सूर्य, खाली झोपडी आणि नदी. काकांच्या चित्रात खाली पिवळं गवत, मध्ये काळा कातळ, वर आभाळ. बस्स.

"सडा आहे तो, गावाकडचं कातळाचं पठार," काका म्हणाले. "सड्यावर काही नसतं."

काका गोदीत कारकून. एलिमेंटरी, इंटरमिजिएट झालेले, पुढे जे. जे.चं नाव काढलं तेव्हा घरात कुणी उत्तरच दिलं नाही म्हणे. १९७८ साली घाटकोपरला, पंतनगरच्या खोलीत, सहा माणसांत त्यांनी हे तैलचित्र केलं. कॅनव्हास परवडेना म्हणून हार्डबोर्ड, तोही उलट्या, जाळीच्या बाजूने. गवत त्या जाळीमुळेच साधलंय, आभाळ मात्र खरखरीत झालं. टर्पेंटाइनच्या वासाने आजीचं डोकं उठे. चित्र कॉटखाली सरकवलं की मग पानं वाढायची. जूनमध्ये सुरू केलेला रंग गणपतीतही बोटाला लागत होता.

राजापूरचा सडा मी स्वतः पाहिला तो पन्नाशीत. २०२२मध्ये कोकणातल्या सड्यांवरची कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हा कुठे आपल्याच गावाकडे जायची बुद्धी झाली. श्रावण होता. जांभ्याच्या खळग्यांत पाणी, त्याच्या कडेने सीतेची आसवं, गेंद. निळ्या-पांढऱ्या फुलांत पाय कुठे ठेवावा कळेना. काही नसतं म्हणे! मग आठवलं, आमचा गणपती पंतनगरलाच बसायचा. मुंबईत जन्मलेले काका गावी जात ते दिवाळीत, फुलं सरून गवत वाळल्यावर. पावसातला सडा त्यांनी पाहिलाच नव्हता.

काका गेल्यावर चित्र माझ्याकडे मुलुंडला आलं. इमारत पुनर्विकासाला गेली, भाड्याच्या घरात ते चार वर्षं कपाटामागे राहिलं. बाहेर काढलं तर आभाळही हळदीचं. फेकायलाच निघाले होते, पण एका चित्रकार मैत्रिणीने अडवलं. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, उजेडात ठेवलं की बरंचसं निवळतं, म्हणाली.

तीन महिने खिडकीपाशी ठेवलं. आभाळ निळसर झालं. गवत पिवळंच आहे. ते काकांनीच पिवळं रंगवलं होतं.