लोकल आली की बोंबील

भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कच्या चौपाटीवर सकाळी एक मुलगी आपल्या भुरीला घेऊन येते. भुरी गावठी कुत्री, तांबूस, कानाला नसबंदीची खाच. खाडीच्या पुलावर लोकल धडधडली की ती पोट जमिनीला टेकवून, शेपूट पायांत घालून थरथरायची. मुलगी पट्टा ओढत नसे, ओरडत नसे. गाडीचा आवाज आला की कमरेच्या पिशवीतून सुक्या बोंबलाचा नखाएवढा तुकडा काढून तिच्या नाकापुढे धरायची. गाडी गेली की पिशवी बंद. सुरुवातीला भुरी तुकड्याकडे बघेचना. मग दोघी पुलापासून लांब जाऊन बसू लागल्या. तिथे आवाज बारीक, तिथे तिने खाल्लं. परवा विरार लोकल आली, भुरीने कान टवकारले आणि झटकन मान वळवून पिशवीकडे पाहिलं. मी चालायचा थांबलो.

खाऊच्या जोडीने शिकणारी भुरी पाहून झंजीर आठवला. मुंबई पोलिसांचा लॅब्रॅडॉर. १२ मार्च १९९३च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स हुंगून काढलं. किती जीव वाचले असतील, हिशेब करवत नाही. २०००च्या नोव्हेंबरमध्ये हाडांच्या कॅन्सरने तो गेला, तेव्हा पोलिसांनी मानवंदना देऊन त्याला निरोप दिला. अशा श्वानांची शिकवणी मोठी मजेची असते. ओळीने डबे मांडतात, एकातच स्फोटकाचा वास. त्या डब्यापाशी नाक थबकलं की लगेच चेंडू. पुढे नुसतं थबकून भागत नाही, शांत बसलं तरच चेंडू. खरवडायचं नाही, कारण खऱ्या बॉम्बला पंजा लागला तर संपलंच. आणि चेंडू त्याच क्षणी हवा. हवालदार खिसा चाचपत राहिला, तेवढ्यात कुत्रं उठून वळलं आणि मग चेंडू मिळाला, तर ते वळायला शिकतं. मारून हे काम होत नाही. मार खाल्लेलं कुत्रं आधी माणसाचा हात बघतं, मग डबा. शहर वाचतंय हे त्याला ठाऊक नसतं. त्याला चेंडू ठाऊक असतो. मला यात तसूभरही कमीपणा वाटत नाही. एवढं मोठं काम इतक्या आनंदात करणारे आपल्यात किती आहेत?

प्राणी-प्रशिक्षक कॅरन प्रायर १९६०च्या दशकात हवाईत अशाच रीतीने, न मारता, डॉल्फिन शिकवायच्या. डॉल्फिनला पट्टा कुठे बांधणार? नको असेल तर तो सरळ पोहत निघून जातो. तिथे शिट्टी आणि मासळी, एवढंच चालतं. पुढे ही रीत त्यांनी कुत्र्यांसाठीही मांडली.

‘शेक हँड’ करणाऱ्या कुत्र्यांचं मला फारसं कौतुक नाही. भेदरलेल्या जिवाला धीर शिकवणं मला फार मोठं वाटतं. दिवाळीच्या फटाक्यांची तयारीही अशीच, गणपतीपासून करावी: मोबाइलवर फटाक्यांचा अगदी बारीक आवाज, सोबत खाऊ. कुत्रं खायचं थांबलं की आवाज आणखी कमी.

आणि खाऊ म्हणून बोंबील भाईंदरजवळच्या उत्तनचाच घ्यावा. पावसाळा सरला की तिथे बांबूच्या वलांड्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने वाळत घालतात. उन्हात कडक झालेला, बिनमिठाचा बोंबील कुत्र्याला चालतो. आपल्यासाठी मात्र तो निखाऱ्यावर भाजावा, वर कच्चा कांदा, आणि सोबत तांदळाची भाकरीच हवी.