बावनथडी ही सीमा आहे, असे मी शिकवत असे

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात भूगोलाचा शिक्षक म्हणून नोकरी केली. त्या सगळ्या काळात माझे एक मत पक्के होते. राज्याची सीमा भाषेवरून ठरावी, आणि प्रामाणिकपणे शोधली तर ती सापडतेच. १९५६ साली आमच्या उत्तरेला जी रेषा ओढली गेली ती जरा अलीकडे पडली, एवढीच माझी तक्रार. कटंगी, वारासिवनी, लांजी हे मध्य प्रदेशात राहिलेले भाग इकडे यायला हवे होते, असे मी वर्गात आणि वर्गाबाहेरही म्हणत असे. आज म्हणत नाही. का, ते लिहून ठेवावेसे वाटते. कारण ज्यांनी हे माझ्या तोंडून ऐकले ती मुले आता स्वतः शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक आहेत आणि त्यांच्यातली काही अजून तेच बोलतात.

ते मत हवेतून आले नव्हते. आमच्या आधीच्या पिढीने मध्य प्रदेश नावाच्या राज्यात दिवस काढले, आणि त्याची राजधानी भोपाळ नव्हे, नागपूर होती. १९५४ ची भंडाऱ्याची लोकसभेची पोटनिवडणूक डॉ. बाबासाहेब आंबेडकर लढले आणि हरले, तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली तीही मध्य प्रदेशाच्या राजधानीत. त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, १ नोव्हेंबरला, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. कारभाराची भाषा आपली झाली, मुलांना आपल्या भाषेत परीक्षा देता आली. हे ज्यांनी पाहिले त्यांना भाषेची सीमा पवित्र वाटली तर नवल नाही. मलाही ती त्यांच्याकडूनच मिळाली.

माझ्या मताला पहिला धक्का दिला तो लांजीने. लांजी माझ्या दृष्टीने 'राहून गेलेले' गाव होते. जिल्ह्याचा जुना इतिहास वाचू लागलो तेव्हा कळले की भंडाऱ्याला मुख्य ठाणे आले ते १८२०-२१ च्या सुमारास. त्याआधी या मुलखाचा कारभार लांजीहून चाले. म्हणजे आमच्या जिल्ह्याचे मूळ ठाणेच आज दुसऱ्या राज्यात आहे. नागपूरचे रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांचा १८२७ चा अहवाल आहे. त्यात नागपूरच्या राज्याचे भाग सांगताना देवगड, चांदा, छत्तीसगड यांच्या जोडीला एका भागाचे नाव दिले आहे ते वैनगंगा. नदीच्या दोन्ही अंगांचा मुलूख एकच धरला होता.

मग तो तुटला कधी? माझी समजूत होती की १९५६ मध्ये. प्रत्यक्षात ते नव्वद वर्षे आधीच झाले होते. १८६७ मध्ये इंग्रजांनी बालाघाट हा नवा जिल्हा केला. त्यासाठी मंडला, सिवनी आणि भंडारा यांचा मुलूख जोडला. हेतू काय, तर घाटावरची बैहरकडची पडीक जमीन लागवडीखाली आणायची, महसूल वाढवायचा. कर्नल ब्लूमफील्ड यांनी खालच्या सपाटीवरचे पोवार शेतकरी वर नेऊन वसवले. या सगळ्या खटाटोपात कोण मराठी बोलतो, कोण हिंदी, हा प्रश्न कुणाच्या मनातही नव्हता. आणि १९५६ मध्ये जिल्हे अख्खेच्या अख्खे इकडे-तिकडे गेले. महसुलासाठी आखलेली जिल्ह्याची हद्द तशीच उचलली गेली आणि राज्याची सीमा झाली. जी रेषा मी भाषेची म्हणून मुलांकडून वहीत काढून घेत होतो, ती भाषेची कधीच नव्हती.

तरीही मी लगेच बदललो नाही. मनात म्हटले, ठीक आहे, ही रेषा चुकीची. पण बरोबर रेषा कुठेतरी असेलच. ती शोधायला मी सीमेवरच्या गावांतून, आठवडी बाजारांतून फिरलो, घराघरांत बसलो. तुमसरच्या उत्तरेकडच्या कितीतरी गावांत, महाराष्ट्राच्या हद्दीत, घरात पोवारी चालते, लोधी घरांत हिंदीच्या वळणाची बोली चालते आणि शाळेत मराठी. पलीकडे बालाघाटात तीच पोवारी, तीच आडनावे, आणि मधूनच एखादे कुणब्याचे किंवा कलाराचे घर जिथे म्हातारी अजून मराठीतच रागावते. गोंडी दोन्हीकडे. एकाच अंगणात सासू एका बोलीत हाक मारते, सून दुसऱ्या बोलीत ओ देते आणि नातू तिसऱ्या भाषेतले पाढे म्हणतो. रोटी-बेटीचा व्यवहार तर इतका की लग्नसराईत सीमेवरची बावनथडी नदी ओलांडणाऱ्या वऱ्हाडांना कोण कुठल्या राज्याचे हे विचारणेच हास्यास्पद. यातून रेषा कशी काढायची? गावागावांतून काढली तर ती घराघरांतून काढावी लागते, आणि घरातून काढली तर चुलीपाशी येऊन थांबते.

नैसर्गिक सीमेचा धडाही मी शिकवत असे: डोंगर, नदी, पाणलोट. त्याचे माझे आवडते उदाहरण दक्षिण अमेरिकेतले, अँडीज पर्वताचे. चिली आणि अर्जेंटिना यांनी १८८१ च्या तहात ठरवले की पाणी विभागणाऱ्या सर्वांत उंच शिखरांवरून सीमा जाईल. कागदावर किती स्वच्छ! पण दक्षिणेला पॅटागोनियात नद्या उंच शिखरांना कापून पॅसिफिककडे जातात. शिखरांची रांग एकीकडे, पाणलोटाची रेषा तिच्या बरीच पूर्वेला. अर्जेंटिनाच्या बाजूने फ्रान्सिस्को मोरेनो शिखरे धरून बसले, चिलीच्या बाजूने दिएगो बारोस अराना पाणलोट धरून. वाद ब्रिटनच्या राजसत्तेकडे गेला. जागेवर पाहणीला आले ते थॉमस होल्डिच, ज्यांची हयात हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीच्या मोजणीत गेली होती. वादातल्या एका दरीत वेल्सहून येऊन स्थायिक झालेले शेतकरी राहत होते. ३० एप्रिल १९०२ ला तिथल्या शाळेपाशी त्यांना विचारण्यात आले, आणि त्यांनी अर्जेंटिनाच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला निवाडा झाला. त्यात निव्वळ शिखरेही नव्हती, निव्वळ पाणलोटही नव्हता.

हे प्रकरण मी मुलांना सीमा कशी 'सुटते' याचा नमुना म्हणून सांगत असे. ते परत वाचले तेव्हा निराळेच दिसले. निसर्गाने तिथे सीमा दिलीच नव्हती, ती माणसांनी ठरवली, आणि निदान त्या दरीत तरी आधी राहणाऱ्यांना विचारून. आमची बावनथडी तर उन्हाळ्यात वाळूतून चालत ओलांडावी अशी नदी. तिने कुणाला कधी अडवले?

पण खरे सांगायचे तर माझे मत पुस्तकांनी बदलले नाही. ते बदलले जातीच्या दाखल्यांनी.

आमच्या पट्ट्यात मँगनीज आहे. बालाघाटपासून भंडाऱ्यातून नागपूर जिल्ह्यापर्यंत एकच खडकांची रांग जाते. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर यांनी त्यातल्या एका खडकाला गोंडांवरून गोंडाइट असे नाव दिले. भरवेली आणि तिरोडी तिकडे, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इकडे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात या खाणी इंग्रज कंपनीच्या हातात होत्या. १९६२ पासून मॉईल ही सरकारी कंपनी त्या चालवू लागली, आणि तिच्यात केंद्राच्या जोडीला दोन्ही राज्यांचा वाटा राहिला. जिथे काम निघेल तिथे मजूर जायचा. तिरोडीचा माणूस चिखल्याला, चिखल्याचा तिरोडीला. तुमसर रोडहून तिरोडीला जाणारी रेल्वे याच खनिजाची. त्या मजुराला आपण राज्य ओलांडले असे वाटण्याचे कारणच नव्हते.

त्याची नातवंडे माझ्या वर्गात बसली. दहावी-बारावी झाली की दाखल्यांची धावपळ सुरू होते आणि आमच्याकडे ती शिक्षकाच्या मदतीशिवाय पार पडत नाही. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. तो पुरावा आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीतला हवा. आजोबांचा कागद निघतो तिरोडीकडचा. मग पोराला सांगतात, तू परराज्यातला, दाखला तिकडून आण. तो आणला तरी इथल्या शिष्यवृत्तीला, इथल्या नोकरीच्या राखीव जागेला तो चालत नाही.

मी नकाशा शिकवणारा माणूस. त्या दोन तारखा समोर ठेवून मी विचार करू लागलो. ऑगस्ट १९५० मध्ये तिरोडी मध्य प्रदेशात होती. चिखलाही मध्य प्रदेशातच होता. दोन्ही गावांची राजधानी नागपूर. त्या दिवशी या मुलाचा आजोबा कुठलेही परराज्य ओलांडून आला नव्हता, येऊच शकत नव्हता. सहा वर्षांनी ओढलेली रेषा मागे नेऊन त्या म्हाताऱ्याच्या पायाखाली घातली गेली होती. आणि मी, त्या पोराचा गुरुजी, ती रेषा आणखी पलीकडे सरकावी म्हणून भाषणे करत होतो. ती सरकली असती तर पुढच्या गावच्या पोरांवर हीच पाळी आली असती.

त्या पोरांपैकी एक मुलगी हुशार होती, पुढे परिचारिका व्हायचे तिच्या मनात होते. ती आता पलीकडे राहते. तिच्याविषयी याहून जास्त लिहीत नाही.

सीमेमुळे पाण्याचे काय होते, याचा अनुभव तर सगळ्या जिल्ह्याने घेतला आहे. वैनगंगा सिवनी जिल्ह्यातल्या मुंडाऱ्याला उगम पावते, बालाघाटातून आमच्याकडे येते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वर मोठा पाऊस झाला, भीमगडच्या संजय सरोवरातून पाणी सुटले आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्या बुडाल्या. धरण एका राज्यात, बुडणारे घर दुसऱ्या राज्यात. सीमा कुठे असावी यावर आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याने सीमेपलीकडच्या धरणात आज किती पाणी आहे, हे कधी विचारलेच नव्हते. उलट, बावनथडीवरचा राजीव सागर प्रकल्प दोन्ही राज्यांनी मिळून बांधला आणि दोन्हीकडच्या बांध्यांत त्याचे पाणी जाते. म्हणजे जमत नाही असे नाही.

मी महाराष्ट्राचा आहे आणि त्याचा मला आनंद आहे. सीमाच नको, असे मला म्हणायचे नाही. एक सल मात्र जुन्या मतातून जशीच्या तशी उरली आहे. वारासिवनी-कटंगीकडच्या मराठी घरांतली नवी मुले मराठी वाचत नाहीत. ते मला दुखते. पूर्वी यावर माझे उत्तर असे, की ते तालुके इकडे आणा. आता वाटते की ते उत्तर म्हणजे काही न करण्याची सबब होती. तुमसरहून मराठी पुस्तके न्यायला, सुट्टीत तिकडच्या मुलांना झाडीपट्टीची दंडार दाखवायला, आपल्या साहित्य संमेलनांना तिकडच्या लोकांना बोलवायला कुणी हरकत घेतली नव्हती. आम्हीच गेलो नाही.

दाखल्यांचे मात्र सरकारलाच करावे लागेल. १९५० चे वास्तव्य तपासताना त्या तारखेचा नकाशा समोर ठेवावा, आजचा नव्हे. तेव्हाचा बालाघाट आणि तेव्हाचा भंडारा एका राज्यातले जिल्हे होते, आणि खाणीच्या कामासाठी एकातून दुसऱ्यात आलेल्या कुटुंबाला, जात दोन्ही राज्यांच्या यादीत असेल तर, इथला दाखला मिळावा. निवृत्तीनंतर मी आणि काही जुने सहकारी अशा कुटुंबांचे कागद गोळा करत आहोत: खाणीच्या हजेरीपटाच्या नकला, शाळेचे दाखले, मालगुजारीच्या काळातले जमिनीचे उतारे. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते जपून ठेवावे, आणि तिरोडी-कटंगीकडच्या नातेवाईकांकडेही विचारावे.