गळती

‘गळती’ हा शब्द मराठी माणूस कपाळाला आठी घातल्याखेरीज उच्चारीत नाही. छपराची गळती, नळाची गळती, केसांची गळती, शाळेतल्या मुलांची गळती. जिकडे पाहावे तिकडे तक्रारच. पण याच शब्दाला देवळात केवढा मान! महादेवाच्या पिंडीवर तळाला भोक पाडलेले जे भांडे टांगतात, त्याचेही नाव गळतीच. आमच्या नातेपुत्याला शिखर शिंगणापूर जवळ, आणि शंभुमहादेवावर इकडची श्रद्धा मोठी. त्यामुळे थेंब थेंब गळणारे भांडे आम्ही लहानपणापासून हात जोडून पाहत आलो. शिवारात जावे तर उसाला अन् डाळिंबाला ठिबक केलेले. आणि १९७२ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून जागोजाग जे पाझर तलाव बांधले, त्यांचा तर धंदाच गळण्याचा. साठलेले पाणी जमिनीत मुरावे आणि खालच्या अंगाच्या विहिरींना ते लागावे, यासाठीच ते बांधलेले. ज्या पाझर तलावाचे पाणी पाझरत नाही, तो नापास!

तात्पर्य, गळणे वाईट नाही. नको तिथून आणि नको तेव्हा गळणे वाईट. हा थोर विचार मला देवळात किंवा तलावाच्या काठी सुचला असता तर शोभून दिसला असता. पण तो सुचला आमच्या अंगणातल्या शहाबादी फरशीवर, मोटारसायकलखाली पडलेल्या रुपयाएवढ्या काळ्या डागाकडे पाहताना.

ही गाडी मला प्राध्यापकाची नोकरी लागली त्या वर्षी घेतलेली. रोज मला कॉलेजला नेते, महिन्यातून दोनदा आईला अकलूजच्या डॉक्टरांकडे नेते, आणि पालखीच्या मुक्कामाच्या दिवशी गावाबाहेर उभी राहून मुकाट्याने वाट पाहते. “विकून टाका, नवी घ्या,” असे सांगणारे हितचिंतक पुष्कळ आहेत. त्यांतला एकही नवीचे हप्ते भरणार नाही, हे मला ठाऊक आहे.

मराठीच्या मास्तराला शब्द तोलण्याची खोड. डाग दिसताच मी मनाशी म्हणू लागलो : हे पाझरणे आहे, ठिबकणे आहे, की गळणे? तुम्ही हसाल, पण गॅरेजात गेलो तर तिथे हीच चर्चा चाललेली! गावातच माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे गॅरेज आहे. बारावीला माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून तो खिडकीबाहेरच्या गाड्यांचे आवाज ओळखत असे. त्याने वाकून पाहिले, बोट फिरवले, बोटाचा वास घेतला आणि म्हणाला, “सर, याला घाम म्हणत न्हाईत. घाम आला तर नुसतं पुसून चालवायचं. हा थेंब हाय. थेंब कुठनं येतो ते हुडकायला लागतं.”

हुडकण्याची त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. तेल मोठे लबाड. गिअरच्या दांड्याजवळचे रबरी सील फाटले तरी ते ओघळत खाली येते आणि सगळ्यांत खालच्या बोल्टाच्या टोकाला लोंबते. पाहणाऱ्याला वाटावे, बोल्टच गुन्हेगार. शिवाय गाडी चालती असली की वारा ते मागे पसरवतो. म्हणून त्याने आधी इंजिनाचे पोट रॉकेलने धुऊन लख्ख पुसले. मग म्हणाला, “घरची पावडर आणता का?” तोंडाला लावायची ती सुवासिक पावडर त्याने इंजिनाच्या पोटाला फासली आणि गाडी दहा मिनिटे सुरू ठेवली. पांढऱ्या पावडरीवर एक काळसर ओली रेघ उमटली. ती वरून आलेली नव्हती, बोल्टाच्या भोवतीच फुटलेली होती. आरोपी खरा ठरला.

आता हा बोल्ट म्हणजे काय, ते सांगायला हवे. इंजिनाच्या तळाला कारखानाच मुद्दाम एक भोक ठेवतो. आतले लिटरभर तेल फिरून फिरून काळे पडते, त्यात झिजलेल्या धातूचा बारीक चुरा मिसळतो. ते काढून टाकायला वाट हवी. ती वाट एरवी बंद ठेवणारा तो हा बोल्ट. पुष्कळ लहान गाड्यांत तो १२ मिलिमीटर जाडीचा असतो, त्याच्या आट्याआट्यांत दीड मिलिमीटरचे अंतर असते, आणि सतरा नंबरचा पाना त्याला लागतो. तेल अडवतात ते आटे, अशी आपली समजूत. खरे पाहता आटे फक्त ओढून धरतात; तेल अडवतो तो बोल्टाच्या डोक्याखालचा पातळ वायसर. आवळताना तो किंचित चेपतो आणि दोन्ही पृष्ठभागांवरचे खाचखळगे भरून काढतो. एकदा चेपला की त्याचे काम संपले. म्हणून दर खेपेला नवा वायसर घालायचा. तांब्याचा असेल तर तो लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ होतो. पोलादाच्या नेमके उलटे. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर सरळ टाकून द्यायचा.

आमच्या गाडीचा वायसर जुनाच होता. पण रोग तेवढाच नव्हता. बोल्टाला पाना लावला तर तो नुसताच गरगर फिरू लागला. ना घट्ट होई, ना बाहेर येई. गेल्या खेपेला परगावी कुठल्याशा गॅरेजात तेल बदलले होते. तिथल्या गड्याने दांड्याला पाइप लावून, अंगाचा सगळा भार टाकून तो आवळला होता. बोल्ट पोलादाचा, इंजिनाचे पोट अ‍ॅल्युमिनियमचे. अशा झगड्यात मऊ धातूच हरतो. बोल्टाला ओरखडा नाही, आणि पोटातले आटे मात्र सोलून निघालेले.

माझा विद्यार्थी म्हणाला, “गळंल या भ्यानंच माणूस जास्ती आवळतंय, अन् त्यानंच गळतंय बघा, सर.”

मी घरी येऊन हे वाक्य वहीत लिहून ठेवले. आपण ‘डोक्याचे आटे ढिले’ असे म्हणतो. ‘फाजील आवळलेले’ असे कुणी कुणाला म्हणत नाही. ढिलेपणाची भीती भाषेत मुरली आहे. दुसऱ्या बाजूचा धोका मात्र तिने नोंदवलेला नाही.

खरे तर आटे ही माणसाने फार कष्टाने शिकलेली गोष्ट आहे. दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी प्रत्येक बोल्टाचा नट वेगळा असे. एकाचा दुसऱ्याला बसेल याची शाश्वती नसे. १८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्ले या इंग्रज कारागिराने अचूक आटे पाडणारे लेथ बनवले. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांची एकच मापे सर्वांनी वापरावीत अशी योजना मांडली. आज नातेपुत्याच्या दुकानातला बोल्ट कुठल्या कुठे बनलेल्या इंजिनात बसतो, तो अशा माणसांमुळे. आणि हे दोघेही पाना धरणाऱ्या हातांचे होते, पदव्यांचे नव्हते.

हे मी घरी जरा मोठ्यानेच सांगितले. त्याला कारण आहे. आमचे चिरंजीव यंदा दहावीला आहेत. त्यांना आयटीआयला जाऊन यंत्रकाम शिकायचे आहे. त्यांच्या आईला अकरावी सायन्स हवे. नातेवाइकांचे म्हणणे, “एम.ए. झालेल्या बापाच्या मुलाने पाना धरायचा?” मे महिन्यापासून घरात हा एकच विषय. सकाळी क्लास, संध्याकाळी क्लास, हातातला मोबाइल काढून घेतलेला, रविवारचे गॅरेजही बंद. मुलगा ताटावर बोलेनासा झाला होता. मी दोन्ही बाजू ऐकत होतो, आणि निर्णय काही होत नव्हता.

दुरुस्तीच्या दिवशी मात्र मी त्याला मुद्दाम बरोबर नेले. जुने भोक थोडे मोठे करून त्यात नवे आटे पाडायचे आणि पोलादी तारेची गुंडाळी आत बसवायची, म्हणजे मूळच्याच मापाचा बोल्ट पुन्हा बसतो. आटे पाडणाऱ्या टॅपला ग्रीस फासलेले, की चुरा त्याला चिकटून बाहेर यावा. तरीही आत काही राहिले असेल म्हणून स्वस्तातले तेल ओतून पोट धुतले. सगळे होईतो चिरंजीवांनी तोंडातून शब्द काढला नाही. पण डोळे कित्येक महिन्यांनी मोकळे दिसत होते.

शेवटी नवा वायसर घालून बोल्ट लावायची वेळ आली. विद्यार्थ्याने पाना माझ्या मुलाच्या हातात दिला. “आधी बोटांनी लाव. बोटांनी जात नसंल तर वाकडा बसलाय, काढून पुन्हा लाव. मग पाना.” अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तकात हा जोर २५ ते ३० न्यूटन-मीटरच्या आसपास दिलेला असतो. म्हणजे वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे साडेबारा ते पंधरा किलो वजन टांगावे तेवढा. आकडा पुस्तकात मिळतो. पण तो मनगटात उतरावा लागतो. मुलाने बेताने आवळले, थांबला, आणखी आवळू का म्हणून वर पाहिले. विद्यार्थी म्हणाला, “तुला काय वाटतंय?” मुलगा म्हणाला, “बस झालं.” “मग बस झालं.”

रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवले. सकाळी आमच्या घरच्या मंडळींनी स्वतः वाकून पाहिले. कागद कोरा होता. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या रविवारी चिरंजीव गॅरेजला निघाले, तेव्हा त्यांना कुणी अडवले नाही.

दहावीच्या निकालाला अजून पुष्कळ अवकाश आहे. आम्हा दोघांचे एवढे ठरले आहे, की फॉर्म दोन्हीकडचे आणायचे. अभ्यास त्याने करायचा, चौकशी आम्ही करायची. आणि सही करण्यापूर्वी त्याला एकदा विचारायचे, “तुला काय वाटते?”