डेटोनाची शर्यतभूमी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी फ्लॉरिडा संस्थानाच्या पूर्व किनाऱ्यावर डेटोना बीच नावाचे गाव आहे. भरती ओसरल्यावर तेथील वाळू इतकी घट्ट व सपाट होते की तीवरून मोटार खुशाल हाकावी. 1935 साली माल्कम कँबेल याने याच वाळूवर ताशी 276 मैलांचा वेग गाठला. पुढे बिल फ्रान्स या गृहस्थाने ‘स्टॉक कार’, म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या साध्या मोटारी, यांच्या शर्यतींस शिस्त लावण्यासाठी 1948 साली ‘नॅस्कार’ ही संस्था स्थापिली आणि 1959 साली समुद्रापासून काही अंतरावर अडीच मैलांचा पक्का मार्ग खुला केला. आज तेथे धावणाऱ्या गाड्या मात्र केवळ शर्यतीसाठीच घडविलेल्या असतात.

या मार्गाची वळणे पाहून प्रथम नवल वाटते. रस्ता 31 अंशांनी कललेला असून त्याची बाहेरची कड तीन मजली घराएवढी उंच आहे. एवढी माती मैदानाच्या मधूनच काढली. त्या खड्ड्याचे आता तळे झाले आहे. गोफणीतून सुटलेला दगड सरळ जातो, तशीच वळणावर मोटारीची ओढ सरळ जाण्याकडे असते. सपाट रस्त्यावर तिला वळविण्याचा सारा भार टायरांच्या पकडीवर पडतो; कलत्या रस्त्यावर रस्त्याचा रेटाच तिला आत ढकलतो. गणित मांडल्यास, ताशी सुमारे 95 मैलांपर्यंत हा रेटाच पुरा पडतो. त्यापुढील भार टायरांनी सोसावयाचा.

दुसरा चमत्कार वाऱ्याचा. पुढची गाडी हवा कापते व तिच्या मागे कमी दाबाची जागा राहते; तीत शिरलेल्या गाडीस अडथळा कमी होतो. मागच्या गाडीमुळे पुढचीचीही मागे खेचणारी ओढ घटते. 1960 साली ज्युनियर जॉन्सन याने आपली मंद गाडी या युक्तीने विजयी केली. प्रतिस्पर्ध्यांनीच परस्परांस साहाय्य करावे, अशी ही निसर्गाची योजना आहे!

धावण्याची विद्या अशी लवकर साधली. थांबण्याची मात्र फार महाग पडली. 18 फेब्रुवारी 2001 रोजी शर्यतीच्या अखेरच्या फेरीत डेल अर्नहार्ट याची गाडी काँक्रीटच्या भिंतीवर आदळली आणि कवटीच्या तळाशी अस्थिभंग होऊन तो मरण पावला. अशा आघातात पट्ट्यांनी बांधलेले धड थांबते, मस्तक मात्र पुढे झेपावते. म्हणून त्याच वर्षी मस्तक व मान आवरून धरणारे साधन सक्तीचे झाले. पाठोपाठ नेब्रास्का विद्यापीठात सिद्ध झालेल्या, पोलाद व फोम यांच्या भिंती आल्या. त्या किंचित दबतात; त्यामुळे वेग क्षणार्धात नष्ट न होता थोड्या अधिक काळात ओसरतो व आघात सौम्य होतो.

17 फेब्रुवारी 2020 रोजी त्याच शर्यतीच्या अखेरच्या फेरीत रायन न्यूमन याची गाडी भिंतीवर आदळून उलटली व तीस दुसऱ्या गाडीची धडक बसली. न्यूमन हा स्वतः अभियांत्रिकीचा पदवीधर. दोन दिवसांनी आपल्या दोन मुलींचे हात धरून तो रुग्णालयातून चालत बाहेर आला. डेटोनाच्या साऱ्या विजयचिन्हांहून त्या मुलींच्या हाती आलेले हे पारितोषिक अधिक मोलाचे म्हटले पाहिजे.