पोहाळ्याच्या रिकाम्या खोल्या

कोल्हापूरला येणारे पाहुणे अंबाबाईचे देऊळ, पन्हाळा आणि जोतिबा पाहून परततात. जोतिबाच्या डोंगराजवळच असलेल्या पोहाळे गावच्या बौद्ध लेण्यांकडे फारच थोड्यांची पावले वळतात. इतिहासाचे अध्यापन करताना आम्ही अनेक वर्षे आपल्या विद्यार्थ्यांना तेथे नेत आलो आहोत. खडकात कोरलेला मंडप, त्याचे खांब आणि भोवतीच्या लहान लहान खोल्या एवढेच तेथे उरले आहे. कोठे भव्य शिल्प नाही की डोळे दिपविणारे नक्षीकाम नाही. त्यामुळे मुले प्रथम थोडी हिरमुसतात.

मुलांच्या मनातील विहार म्हणजे वस्तीतील वंदनेची जागा: बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, पौर्णिमेची खीर. विहार म्हणजे मुळात राहण्याचे ठिकाण, हे त्यांना पोहाळ्यात प्रथम उमगते. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहावे, अध्ययन करावे, धम्म सांगावा, हा वर्षावासाचा नियम. पन्हाळ्याच्या परिसरातला पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला या नियमाचे कारण समजावून सांगावे लागत नाही. एकदा सातवीतील एक मुलगा त्या खोलीत आडवा झाला आणि म्हणाला, “सर, आपल्या वसतिगृहातल्यापेक्षा इथं जागा जास्त आहे.” सगळे हसले, परंतु आमच्या मते त्याने विहाराची व्याख्याच सांगितली होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्याच्या कित्येक शतके आधी याच मुलखात निवासी विद्येची परंपरा नांदत होती.

मग दुसरा प्रश्न ठरलेला असतो. “सर, हे सगळे गेले कुठे?”

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देण्याचा मोह होतो. बुद्ध आणि ब्राह्मणी व्यवस्था यांच्यातील संघर्षाची मीमांसा बाबासाहेबांनी केलेलीच आहे आणि ती विद्यार्थ्यांनी वाचलीच पाहिजे. परंतु आपल्या जिल्ह्याचे पुरावेही त्यांनी हाताळावेत, असे आम्हाला वाटते. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तेथे सातवाहनकालीन नगर उजेडात आले. त्याच टेकाडाने ग्रीक देवता पोसायडनची कांस्यमूर्तीही आपल्याला दिली. समुद्रापारचा व्यापार येथवर पोहोचला होता. एकोणिसाव्या शतकात कोल्हापुरातच एका स्तूपातून अस्थींचा दगडी करंडक मिळाला. त्यावरील ब्राह्मी लेखात दोनच नावे आहेत: दान देणारा बम्ह आणि ते काम करवून घेणारा धमगुत. राजाचे नाव त्यात नाही.

त्यानंतर शेकडो वर्षांनी, शके १०३२ म्हणजे इ. स. १११० च्या ताम्रपटात शिलाहार राजा गंडरादित्य भेटतो. मिरज प्रदेशातील इरुकुडी येथे त्याने ‘गंडसमुद्र’ नावाचा तलाव खोदविला. काठावर शिव, बुद्ध आणि जिन यांची मंदिरे उभारली आणि तिन्हींच्या खर्चासाठी जमिनी दिल्या. इरुकुडी म्हणजे हातकणंगले तालुक्यातील आजचे रुकडी, असे मानले जाते. बाराव्या शतकातही आपल्या मुलखात बुद्धाच्या मंदिरापुढे दिवा लागत होता, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना फार मोलाची वाटते. त्याच तालुक्यातील माणगावात मार्च १९२० मध्ये शाहू महाराजांच्या उपस्थितीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, हे त्यांना पाठच असते.

राजाने दिलेली जमीन राजवटीबरोबर दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. लेणी मात्र केवळ राजांनी उभारली नव्हती. कोकणातील कुडा लेण्यांत कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान कोरलेले आहे, एका माळ्याचेही आहे. अशा माणसांच्या कमाईतून खडक फोडला गेला आणि त्यांच्याच घरच्या भिक्षेवर आतली माणसे जगली. व्यापार मंदावला, दाते दुसरीकडे वळले, की वर्षावासाला येणाऱ्यांची संख्या घटते. शेवटी खोल्या रिकाम्या होतात. कोणी घाव न घालताही विहार ओस पडू शकतो. खडक शाबूत राहतो, एवढेच.

नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेबांनी आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्यास सांगितले, ते आम्हाला याच संदर्भात आठवते. आपल्या शाळेच्या खोल्या आज भरलेल्या आहेत. ऊसतोडीला जाणारे आईबाप लेकरांना येथे ठेवून निर्धास्तपणे फडावर जातात. सुगीनंतर जमेल तसे धान्य आणून देतात. येथून शिकून गेलेल्यांपैकी अनेक जण मात्र शहरात स्थिरावले, घरावर ‘विहार’ अशी पाटी लावली आणि इकडची वाट विसरले. त्यांच्या मिळकतीचा विसावा भाग कोठे जातो, हे विचारण्याचा अधिकार शिक्षक म्हणून आम्ही राखून ठेवतो.

कोणत्याही स्मरणिकेच्या अखेरीस देणगीदारांची यादी छापलेली असते आणि वाचक ती पाने सहसा न वाचता उलटतो. बम्ह, धमगुत, कुड्याचा तो माळी यांचे लेख तरी याहून वेगळे काय आहेत? या अंकाची शेवटची पाने सावकाश वाचावीत आणि तेथे आपले नाव आहे की नाही ते पाहावे, एवढीच आमच्या माजी विद्यार्थ्यांना विनंती.