चेक केला, ओके आहे

"टेम्परेचर सेन्सर चेक केला मॅडम, ओके आहे. ईसीएम गेलाय." सर्व्हिस सेंटरच्या ॲडव्हायजरचं हे वाक्य आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं. ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा संगणक. तो बदलायचं इस्टिमेट ३४,२०० रुपये.

गाडीचं दुखणं असं. सुरू करून थोडं पुढे गेलं की रेडिएटरचा पंखा जोरात फिरायला लागायचा तो थांबायचाच नाही. चेक लाइट लागायचा. ॲव्हरेज सतरावरून बारावर आलं. बाजारात गाडी बंद करून पुन्हा सुरू करायला गेलं की बराच वेळ सेल्फ मारावा लागायचा आणि मग पेट्रोलचा वास सुटायचा. अकोल्यातला मे महिना, त्यामुळे जो तो म्हणे, ऊन केवढं आहे, पंखा चालणारच. पण सकाळी साडेसहाला दुधाला निघालं तरी चौकाच्या पुढे तेच.

मी ॲडव्हायजरला विचारलं, सेन्सर तपासला तेव्हा किती ओहम आले? इंजिन गरम होतं की गार? त्याने उत्तर दिलं नाही. जॉब कार्ड उलटंसुलटं केलं आणि बाजूला जाऊन फोन लावला. फोन माझ्या नवऱ्याला होता. नवरा वाशिमला नोकरीला आहे. "साहेब, मॅडमला जरा समजावून सांगा, त्या ऐकत नाहीयेत," असं मी चार पावलांवर उभी असताना तो बोलला. गाडी माझ्या नावावर आहे. हप्ते माझ्या पगारातून फिटले. सर्व्हिसिंगला दर वेळी मीच नेते. नवऱ्याचा नंबर त्यांच्याकडे आला कुठून, तर विम्याच्या कागदावरून शोधून काढलेला. नवऱ्याने "तिलाच विचारा, तिला कळतं," म्हटलं आणि फोन ठेवला. त्यावर ॲडव्हायजर माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब बिझी आहेत वाटतं. संध्याकाळी घरी विचारून सांगा."

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. तिथे मुलांनी वहीत आकडा न लिहिता नुसतं 'रीडिंग घेतलं' असं लिहिलं तर सर सही करत नाहीत. ज्यावर चौतीस हजार खर्च करायचे त्याचा एक आकडा मागितला, तर त्यात माझं काय चुकलं? तपासणीचे ८८५ रुपये भरले आणि गाडी घरी आणली. आई म्हणाली, "जाऊ दे न वं, कायले डोकं लावतं?" पण डोकं लागलेलंच होतं.

कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे पितळी बोल्टात बसवलेला थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्याचा रोध घटतो. ईसीएम ५ व्होल्टच्या आधाराने तो रोध वाचतो आणि पेट्रोल किती सोडायचं, पंखा कधी लावायचा हे ठरवतो. सर्किट तुटलं तर बहुतेक गाड्यांत स्कॅनरवर उणे ४० अंश दिसतात. वाचन बिघडलंय हे ओळखून ईसीएम इंजिन वाचवायला पंखा सतत चालू ठेवतो. माझ्या गाडीत पेट्रोलही जास्त जात होतं. म्हणजे सगळी लक्षणं एकाच जागी बोट दाखवत होती.

ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर हजाराच्या आत मिळतो. तो स्टिअरिंगखाली लावला आणि पहाटे, इंजिन रात्रभर गार झालेलं असताना, मोबाइलवर पाहिलं. कूलंट ३१, आत येणारी हवा ३२. गार इंजिनात हे दोन आकडे जवळजवळ सारखेच हवेत, तसे होते. कोड निघाला पी ०११८, म्हणजे सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. इंजिन चालू केलं. चाळीस, पंचावन्न, चौसष्ट आणि एकदम उणे ४०. त्याच क्षणी पंखा सुरू.

इंजिन बंद करून फक्त चावी ऑन ठेवली. सेन्सरचा कनेक्टर काढला आणि त्याच्या दोन टोकांमध्ये वायरचा तुकडा घातला. मोबाइलवरचा आकडा उणे ४० वरून थेट १४० च्या घरात गेला. तुकडा काढला, पुन्हा उणे ४०. हे मी परत परत करून पाहिलं, कारण मला ते पाहायचंच होतं. वायर तुटलेली असती किंवा ईसीएम आंधळा झाला असता, तर तो आकडा हललाच नसता. ज्याला ते मेलेला म्हणत होते तो ईसीएम माझ्यासमोर चोख उत्तर देत होता. मी बॉनेटला धरून उभी होते आणि मला रडू येईल असं वाटलं. रागानं की आनंदानं, ते आजही सांगता येणार नाही. (ही चाचणी दोन पिनांच्या सेन्सरवरच करावी. जास्त पिना असतील तर आधी वायरिंगचा नकाशा पाहावा.)

इंजिन पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं. गरम असताना ते कधीही उघडू नये, आतलं दाबाखालचं कूलंट उसळून अंगावर येतं. खाली परात ठेवून थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवरचा सेन्सर पान्यानं सोडवला. परातीतलं कूलंट लगेच बाटलीत भरलं, कारण ते गोडसर असतं आणि विषारी. कुत्रं-मांजर चाटून मरतं.

मग गॅसवर जुनं अॅल्युमिनियमचं पातेलं, त्यात पाणी, थर्मामीटर आणि पाण्यात टोक बुडेल असा लोंबता सेन्सर. मल्टिमीटर जोडला. ३० अंशांना १.७ किलोओहम. ४० ला १.१८. ६० ला ६०० च्या आसपास. सगळं पुस्तकातल्यासारखं. आणि ६६ च्या पुढे काटा गेला तसं मीटरवर ओएल, म्हणजे सर्किट उघडं. पाणी गार होऊ दिलं, आकडे परत आले. आतला सांधा उष्णतेने सुटत होता आणि गारव्याने जुळत होता. गार गाडीवर तपासलं तर तो ओकेच निघणार.

इथे मला त्या सेंटरमधल्या मिस्त्री मुलाचं वाईट वाटलं. गाडी नंबर लागेपर्यंत तासन् तास उभी असते, गार होते. त्याच्यामागे पुढचं जॉब कार्ड तयार असतं. पातेलं तापवत बसायला त्याला कोण देणार? हे मला मनापासून पटतं. पण ॲडव्हायजरला माफ करायला मी तयार नाही. 'गरम करून पाहतो' एवढं म्हणायला पैसे लागत नव्हते.

नवा सेन्सर ६४० रुपयांना मिळाला. तोही आधी पातेल्यात उकळून पाहिला. पाणी उकळताना १९० ओहम, ओएल कुठे नाही. वॉशर नवा घातला, कूलंट भरलं, इंजिन चालू ठेवून हवा काढली. आता पंखा ९६ ला लागतो, थोड्या वेळात थांबतो. ॲव्हरेज परत सोळाच्या वर आहे. आमच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांना एक सांगते, कूलंट कमी झालं म्हणून बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका. त्या क्षारांनी आतली वाट बुजते आणि धातू खाल्ला जातो.

सगळे आकडे लिहून ८८५ रुपये परत मागणारा अर्ज दिला. उत्तर आलेलं नाही. त्या सेंटरची पायरी चढायची नाही असं तेव्हा ठरवलं होतं, पण पावसाळ्यात क्लच गेला. क्लच घरी होण्यासारखं काम नाही, गाडी तिथेच दिली. गिअरबॉक्स उतरवल्यावर त्याच मिस्त्री मुलाने मला आत बोलावलं. "ताई, हे पाहा न, रिव्हेट उघडे पडून राह्यले," म्हणत त्याने प्लेट माझ्या हातात दिली. मी बोटाने रिव्हेट चाचपले आणि म्हटलं, बदल.