थंड हवेतली ऊब

वाशीममध्ये फ्रीज दुरुस्त करणाऱ्या माणसाचा हिवाळा रिकामा जातो. मार्चपासून जूनपर्यंत जेवायला फुरसत नसते, आणि दिवाळी उरकली की फोन वाजायचा थांबतो. पाटणी चौकाजवळच्या एका लहानशा दुकानात उभं आयुष्य काढलेल्या एका मेकॅनिकचा संसार असाच उन्हाळ्याच्या कमाईवर चालला. तरी उन्हाळ्यावर पोट असलेल्या या माणसाच्या मनात लहानपणापासून घर करून होती ती ऊब. ती येते कुठून, टिकते कशी आणि जाते कुठे, याचा शोध तो आयुष्यभर हातातल्या पान्यानं घेत आला.

त्याचं बालपण रिसोड तालुक्यातल्या एका गावात गेलं. हा सगळा पठाराचा भाग. वाशीम शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, कधी त्याच्याही खाली. दुपारी मात्र सदरा नकोसा होईल इतकं ऊन. त्या काळी घरं मातीची, धाब्याची. भिंती हातभर जाड. दिवसभराचं ऊन त्या भिंती पोटात घेत आणि रात्री हळूहळू सोडत. पहाटे माय चूल पेटवायची. चुलीला लागून वैल असायचा आणि त्यावर आंघोळीच्या पाण्याचा हंडा. तव्याखालून निसटलेला जाळ हंड्याखाली जायचा; भाकरी होईस्तोवर पाणी कढत व्हायचं. त्या पाण्यासाठी वेगळं लाकूड म्हणून लागायचं नाही.

अंगणात शेकोटी. तुराट्या भडभड पेटतात आणि बघता बघता राख होतात. पऱ्हाट्या जरा दम धरतात. गवरी धुमसत राहते, पण धूर फार. शेकोटीपाशी बसलं की तोंड भाजायचं आणि पाठ गारठलेली राहायची. शेतातून पऱ्हाट्या उपटायच्या, पेंढ्या बांधायच्या, डोक्यावरून आणायच्या. हे काम बायकांचं आणि पोरांचं. चुलीच्या धुरानं मायच्या डोळ्यांना कायम पाणी असायचं. ऊब हवी तर काहीतरी जाळावं लागतं, हे त्या घरात कोणी शिकवलं नव्हतं. रोज डोळ्यांसमोर तेच घडत होतं.

अकोल्याच्या आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड मिळाला तेव्हा या समजुतीला पहिला तडा गेला. फळ्यावर शिक्षकांनी फ्रीजच्या नळ्यांचं वेटोळं काढलं. त्यात तेव्हा आर-12 नावाचा गॅस असे. हा गॅस उणे 30 अंशांना उकळतो. पाण्याला उकळायला चुलीचा जाळ लागतो. याला फ्रीजमधल्या दुधाची, भाजीची ऊबसुद्धा पुरते. दुधातली उष्णता पिऊन तो उकळतो, वाफ होतो. मग कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, दाबली की ती तापते, आणि मागच्या काळ्या जाळीत जाऊन आपली उष्णता खोलीत सोडून पुन्हा पातळ होते. पुढे केसासारख्या बारीक कॅपिलरीतून जाताना दाब उतरतो आणि फेरा नव्यानं सुरू. वर्गातल्या बाकीच्यांना यात गारवा दिसला. त्याला मागची जाळी दिसली.

दुकान टाकल्यावर गिऱ्हाइकांची एक तक्रार वर्षानुवर्षं यायची, “भाऊ, फ्रीज मांगून लय तापते.” तो समजावून सांगायचा, “काकू, ते तुमच्या दुधाचीच गरमी आहे. आतली बाहेर येऊन राहिली. मांगून तापलाच नाही तर मला बोलवा.” दुसरा हमखास प्रश्न मे महिन्यातला. फ्रीजचं दार उघडं टाकलं तर खोली गार होईल का? होणार नाही, उलट तापेल. कारण जेवढी उष्णता पुढून ओढली जाते तेवढी मागून बाहेर पडते, वर कॉम्प्रेसरनं खाल्लेली वीज उष्णता होऊन त्यात मिसळते.

कडाक्याच्या थंडीत दही विरजत नाही. त्याच्या घरी विरजणाचं भांडं फडक्यात गुंडाळून फ्रीजमागच्या जाळीजवळ ठेवायची पद्धत होती. सकाळी कवडी दही. जाळीच्या त्याच उबेवर लेकीचे शाळेचे ओले मोजेही वाळत. एकाच कपाटाच्या पोटात बर्फ आणि पाठीशी दह्याला पुरेल एवढी ऊब, हे पाहत ती मुलगी मोठी झाली.

मधल्या काळात गॅस बदलत गेले. आर-12 ओझोनचा थर विरळ करतो हे कळल्यावर 1987 मध्ये माँट्रिअल करार झाला. भारत त्यात 1992 मध्ये सामील झाला. आर-12 गेला, आर-134ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हवेत सुटला तर पृथ्वी तापवतो. मग घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन आला. तो जळणारा, त्यामुळे जाळ देऊन नळी जोडण्याआधी ती रिकामी केली आहे ना, हे दोनदा बघायचं. 2012 मध्ये गोदरेजनं शिरवळच्या कारखान्यात बनवलेले एसी बाजारात आणले, त्यात आर-290 होता. आर-290 म्हणजे प्रोपेन. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये ब्युटेनबरोबर जो असतो, तोच. आज युरोपातल्या अनेक नव्या हीट पंपांमध्ये हाच गॅस फिरतो.

हीट पंप त्यानं प्रत्यक्ष पाहिला तो लेकीकडे, इंग्लंडमधल्या लीड्सला, जानेवारीत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं विटांचं घर, मागच्या अंगणात भिंतीलगत एक पांढरी पेटी आणि तिच्यात मोठा पंखा. बाहेर दोन अंश. त्यानं सवयीनं पंख्यासमोर तळहात धरला. वाशीमला मे महिन्यात एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर हात धरला तर चटका बसतो. इथे अंगावर आली ती आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार हवा. त्यानं दुसरा हात घरात जाणाऱ्या जाड नळीवर ठेवला. नळी गरम होती.

“बाबा, हा तुमचा फ्रीजच आहे,” लेक म्हणाली. “फक्त दूध बाहेर अंगणात आहे.”

दोन अंशांच्या हवेत उष्णता कुठली, असं कोणालाही वाटेल. पण उष्णता पार संपते ती उणे 273 अंशांना. त्याच्या मानानं लीड्सचा जानेवारी भलताच ऊबदार. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, म्हणून दोन अंशांच्या हवेतूनही त्याला हवं ते मिळतं. विहिरीवरची मोटर पाणी तयार करत नाही, खालचं पाणी वर चढवते. ही पेटी उष्णतेचं तेच करते. आणि पाणी जितकं खोल तितकी मोटरला मेहनत जास्त, तसं बाहेर जितकं गार आणि आत जितकं कढत हवं तितकी वीज जास्त. साध्या हिवाळ्यात एका युनिट विजेवर सुमारे तीन युनिट उष्णता घरात येते. हीटरची कॉइल एका युनिटला एकच देते, त्याहून कणभर जास्त नाही.

सकाळी दवानं भरलेल्या हवेत पेटीच्या जाळीवर पांढरा बर्फ धरला. त्याच्या ओळखीचं दुखणं. जुन्या सिंगल डोअर फ्रीजला त्यासाठीच डीफ्रॉस्टचं बटण असायचं. इथे बटण कोणी दाबलं नाही. पंखा थांबला, चार तोंडांचा व्हॉल्व्ह खटकन फिरला, गॅस उलट्या दिशेनं वाहू लागला, घरातली थोडी उष्णता जाळीत आली. वाफेचा लोट उठला, पाणी ठिबकलं आणि काही मिनिटांत यंत्र पुन्हा कामाला लागलं. लेक चहाला हाका मारत होती. तो हलला नाही.

ही कल्पना फार जुनी आहे. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसननं 1852 मध्येच यंत्रानं उष्णता उचलून इमारती उबदार करता येतील, असं मांडलं. त्याच दशकात ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यानं मिठागरातलं पाणी आटवायला तसं यंत्र उभारलं. झुरिचच्या नगरभवनात 1938 पासून नदीच्या पाण्यातून उष्णता काढणारा पंप चालला. 1945 मध्ये जॉन समनरनं इंग्लंडच्या नॉर्विचमध्ये तेच करून दाखवलं. कोळसा, तेल आणि गॅस स्वस्त होते तोवर जगाला त्याची गरज वाटली नाही, इतकंच. आज कडक थंडीच्या नॉर्वेत शंभरातल्या साठेक घरांत हीट पंप आहे. तिथली वीज बहुतेक सगळी जलविद्युत, आणि स्वस्त.

इंग्लंडचं गणित तितकं सोपं नाही. सरकार पंप बसवायला 7,500 पौंड देतं, पण तिथे विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या सुमारे चौपट महाग आहे. गॅसचा बॉयलर नव्वद टक्के उष्णता घराला देतो असं धरलं, तर पंपाला एकाला साडेतीनच्या वर उष्णता द्यावी लागते; त्याशिवाय बिल उतरत नाही. वर्षभराच्या सरासरीत तेवढं साधायचं तर रेडिएटरमधलं पाणी कमी तापवावं लागतं, पंचेचाळीसेक अंश. त्यासाठी रेडिएटर मोठे हवेत, पोटमाळ्यावर जाड अस्तर हवं, खिडक्यांच्या फटी बुजवलेल्या हव्यात. लेकीनं यंत्राच्या आधी घरावर पैसे घातले होते. बापाला ते मनापासून पटलं. रेडिएटरला हात लावला तर नुसता कोमट. पण पाठ आणि तोंड दोन्ही सारखेच उबदार, पहाटेसुद्धा. मंद आणि सतत मिळणारी ही ऊब त्याला रिसोडकडच्या मातीच्या भिंतींतली वाटली. ती घरं पाडून आपण स्लॅबची घरं बांधली, दुपारी तापणारी आणि रात्री गारठणारी, आणि त्या बदलात काय गमावलं याचा हिशेब कोणी केला नाही, याची त्याला खंत आहे.

वाशीमला घर तापवायची गरज वर्षातून काही आठवडेच. ज्यांना हवं त्यांच्यासाठी थंड-गरम दोन्ही करणारे एसी आहेत, तोच चार तोंडांचा व्हॉल्व्ह असलेले. इथली खरी गरज आंघोळीच्या पाण्याची. वीस लिटरची बादली 18 अंशांवरून 43 अंशांवर न्यायची तर साधारण 0.58 युनिट वीज लागते. दीड हजार वॅटची रॉड वीस-पंचवीस मिनिटं बादलीत. ती रॉड पाण्यात असताना हात घातल्यानं माणसं दगावतात, हे तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला बजावतो. हीट पंपाला त्याच बादलीला 0.2 युनिट पुरतं.

परत आल्यापासून त्याच्या डोक्यात आहेत त्या वसतिगृहातल्या आणि आश्रमशाळेतल्या पोरांच्या आंघोळी. जिल्ह्यातल्या मानोरा, मालेगावकडच्या तांड्यांवरची पोरं शिकायला घराबाहेर राहतात. शंभर पोरांना माणशी पंधरा लिटर, 40 अंशांचं पाणी, यासाठी 38 युनिट उष्णता लागते. गिझरला तेवढीच वीज. पंपाला तेरा, आणि पंप दुपारी चालवला तर त्याहूनही कमी. कारण जानेवारीतही वाशीमची दुपारची हवा लीड्सच्या उन्हाळ्याहून गरम असते. दुपारी तापवलेलं पाणी जाड अस्तराच्या टाकीत पहाटेपर्यंत टिकतं. गच्चीवर जागा आणि ऊन असेल तिथे सौर बंबच आधी बसवावा, असं तो स्पष्ट सांगतो. ढगाळ दिवसांत आणि अपुऱ्या गच्चीला पंप.

अडचण आहे ती बोअरच्या पाण्याची. इकडचं पाणी जड. गिझरची कॉइल उघडली की तिच्यावर बोटभर जाडीचा पांढरा थर निघतो. असा थर पंपाच्या तांब्याच्या नळ्यांवर बसला की उष्णता पाण्यात उतरत नाही, दाब वाढतो, वीज वाढते, शेवटी कॉम्प्रेसर जातो. म्हणून पाणी थेट पंपातून न फिरवता टाकीत वेगळं वेटोळं ठेवावं, पाणी 50 अंशांच्या वर तापवूच नये म्हणजे क्षार कमी धरतात, आणि दरवर्षी सौम्य आम्लानं नळ्या धुवाव्यात, असं त्यानं वहीत लिहून ठेवलंय. दुकानात शिकायला येणाऱ्या दोन पोरांना तो सध्या हेच दाखवतो आहे: जुन्या गिझरची थर चढलेली कॉइल, तिच्या शेजारी धुतलेली कॉइल, आणि दोन्ही तेवढ्याच पाण्यात घालून एकेक अंश वर चढणारा थर्मामीटर.